कॅमेरा घ्यावा तो कोणता? बीडच्या हौशी छायाचित्रकारांपुढचा पेच

बीड : पहिला दमदार पाऊस झाला आणि बालाघाटाच्या डोंगररांगा हिरव्या होऊ लागल्या, की बीड जिल्ह्यातील हौशी छायाचित्रकारांची पावले सौताडा, कपिलधार आणि नायगावच्या वाटेला लागतात. त्यांत शिक्षक असतात, दुकानदार असतात, बँकेत नोकरी करणारे असतात आणि महाविद्यालयीन विद्यार्थीही असतात. बहुतेकांच्या हाती मोबाइल असतो. काहींच्या गळ्यात कॅमेरा असतो. मोबाइलवरून कॅमेऱ्याकडे जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी मात्र एकच प्रश्न असतो, ‘कोणत्या कंपनीचा घेऊ?’

पंधरा वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर दोन नावांत संपत असे. निकॉन घ्या किंवा कॅनन घ्या. दोन्हींत डावे-उजवे करण्यासारखे फारसे काही नाही, असे जाणकार सांगत आणि ते खरेही होते. आज तेवढ्यावर भागत नाही. सोनी आणि फुजीफिल्म यांनी आपापली जागा निर्माण केली आहे. डीएसएलआर की मिररलेस, हा कंपनीच्या निवडीहून मोठा प्रश्न उभा राहिला आहे. शिवाय ज्या जिल्ह्यात शेतीचे उत्पन्न पावसाच्या लहरीवर आणि घराचा खर्च उसाच्या हंगामावर ठरतो, तेथे छंदासाठी पन्नास हजार रुपये बाजूला काढणे ही सहज होणारी गोष्ट नव्हे. चुकीच्या खरेदीचे परिणाम येथे पुण्या-मुंबईपेक्षा अधिक काळ भोगावे लागतात. म्हणूनच या पेचाची शांतपणे फोड करणे आवश्यक ठरते.

बाजार कोठे चालला आहे?

जपानमधील कॅमेरा उत्पादकांची संघटना ‘सिपा’ दरवर्षी आकडेवारी प्रसिद्ध करते. २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. मोबाइलमधील कॅमेरा सुधारत गेला आणि हा आकडा कोसळला. २०२३ मध्ये तो ७७ लाखांच्या आसपास, तर २०२४ मध्ये सुमारे ८५ लाख होता. या ८५ लाखांत मिररलेस कॅमेरे सुमारे ५६ लाख आणि डीएसएलआर १० लाखांच्याही आत होते. २०२० मध्ये मिररलेसने संख्येत प्रथम डीएसएलआरला मागे टाकले आणि त्यानंतर हे अंतर वाढतच गेले.

डीएसएलआरमध्ये भिंगातून आलेला प्रकाश आरशावर आदळून वर व्ह्यूफाइंडरकडे जातो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. मिररलेसमध्ये हा आरसाच नाही. सेन्सरवर जे उमटते तेच छोट्या पडद्यावर डोळ्यासमोर दिसते. पॅनासॉनिकने २००८ मध्ये या प्रकारचा पहिला कॅमेरा आणला तेव्हा व्यावसायिकांनी त्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले नाही. सोनीने २०१३ मध्ये फुल फ्रेम सेन्सरचा मिररलेस बाजारात उतरवला. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन या दोघांनीही अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने आपापले फुल फ्रेम मिररलेस जाहीर केले आणि वारे कोणत्या दिशेने वाहते आहे ते स्पष्ट झाले. २०२० नंतर या दोन्ही कंपन्यांनी नवा डीएसएलआर आणलेला नाही. कॅननने २०२० मधील आपला अव्वल डीएसएलआर हा त्या मालिकेतील अखेरचा असल्याचे २०२१ च्या अखेरीस सांगून टाकले. पेंटॅक्ससारखा एखादा ब्रँड मात्र अजूनही आरशाला धरून आहे.

याचा अर्थ डीएसएलआर निरुपयोगी झाला, असा मुळीच नाही. या बदलाने बीडसारख्या ठिकाणच्या हौशी माणसाचा एका परीने फायदाच झाला आहे. लग्नसमारंभांचे छायाचित्रण करणारे स्टुडिओ मिररलेसकडे वळत आहेत आणि त्यांचे जुने डीएसएलआर व भिंगे विक्रीला निघत आहेत. एके काळी ज्या भिंगाकडे केवळ काचेबाहेरून पाहायचे, ते आता निम्म्या किमतीत मिळू शकते. प्रश्न एवढाच, की घ्यायचे काय आणि तपासायचे कसे?

आधी विषय, मग कॅमेरा

खरेदीच्या वेळी कॅमेऱ्याच्या तांत्रिक कोष्टकापेक्षा आपण काय टिपणार आहोत याची यादी अधिक उपयोगी पडते. बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर हे विषय ठळकपणे चार प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार पक्षी आणि वन्यजीवांचा. पाटोदा तालुक्यातील नायगाव मयूर अभयारण्य १९९४ मध्ये घोषित झाले. तेथील मोर, माळरानावरील काळवीट किंवा माजलगावच्या जलाशयावरील पाणपक्षी टिपायचे तर दूरवरचे ओढून आणणारे भिंग हवे. ते केवळ मोठ्या चित्रासाठी नव्हे, तर प्राण्यापासून सुरक्षित अंतर राखता यावे म्हणूनही हवे. विणीच्या काळात घरट्याजवळ जाऊन काढलेल्या छायाचित्राची किंमत पक्ष्याला मोजावी लागते.

येथे बहुतेकांना मोह होतो तो ‘सुपरझूम’ कॅमेऱ्यांचा. निकॉनने २०१५ मध्ये ८३ पट झूमचा पी-९००, तर २०१८ मध्ये १२५ पट झूमचा पी-१००० आणला. भिंग वेगळे घ्यायला नको आणि चंद्रावरची विवरेही दिसतात, हे त्यांचे आकर्षण. तथापि या कॅमेऱ्यांचा सेन्सर जेमतेम ६ मिलिमीटर रुंदीचा, म्हणजे करंगळीच्या नखाहूनही लहान असतो. पूर्ण झूमवर पी-१००० च्या भिंगाचे छिद्र एफ-८ पर्यंत आक्रसते. भर उन्हात स्थिर बसलेला पक्षी त्यात उत्तम येतो. पण मोर उघड्यावर येतात ते पहाटे आणि सायंकाळी, आणि नेमक्या त्याच वेळी प्रकाश अपुरा पडून चित्र दाणेदार होते. या मर्यादेची आधीच कल्पना असलेल्या माणसासाठी सुपरझूम हा वाईट सौदा नाही. ती कल्पना नसेल, तर निराशा ठरलेली.

त्याला पर्याय म्हणजे एपीएस-सी सेन्सरचा कॅमेरा आणि लांब भिंग. हा सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान असल्याने चित्राचा मधला भागच टिपला जातो. परिणामी ३०० मिलिमीटरचे भिंग निकॉन, सोनी किंवा फुजीवर ४५०, तर कॅननवर ४८० मिलिमीटरसारखे काम देते. पक्षी टिपणाऱ्याला फुल फ्रेमचा हव्यास धरण्याचे कारण उरत नाही ते यामुळेच. सिग्मा आणि टॅमरॉन यांची १५०-६०० मिलिमीटरची भिंगे या कामासाठी लोकप्रिय आहेत. मात्र त्यांचे वजन सुमारे दोन किलो भरते. ते खांद्यावर घेऊन माळ तुडवण्याची तयारी हवी.

दुसरा प्रकार वास्तू आणि शिल्पांचा. बीड शहरातील पाण्याने वेढलेले कंकालेश्वर मंदिर, खंडोबा मंदिरासमोरच्या उंच दीपमाळा, अंबाजोगाईचे हत्तीखाना लेणे, धारूरचा किल्ला या जागा छायाचित्रकाराला वर्षभर पुरतील. येथे झूमचा उपयोग थोडा. विस्तृत दृश्य सामावणारे भिंग आणि एक भक्कम तिपाई यांची गरज अधिक. मंडपातील अंधारात, जेथे छायाचित्रणास परवानगी असेल तेथे, तिपाईवर ठेवलेला दहा वर्षांपूर्वीचा कॅमेराही हातात धरलेल्या नव्या कॅमेऱ्याला मागे टाकतो. तिपाईवर खर्च करायला लोक का कचरतात, हे एक कोडेच आहे.

तिसरा प्रकार माणसांचा. पैठणहून निघणारी संत एकनाथांची पालखी पाटोदा परिसरातून पंढरपूरकडे जाते. मुक्ताईची पालखी बीड शहरातून, तर शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईमार्गे जाते. आठवडी बाजार, हरिनाम सप्ताह, उसाच्या फडाकडे निघालेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर हेही येथलेच विषय. त्यासाठी लहान, हलका, आवाज न करणारा कॅमेरा आणि ३५ किंवा ५० मिलिमीटरचे एक साधे ‘प्राइम’ भिंग पुरेसे होते. मोठे भिंग रोखले की माणूस सावध होतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. मिररलेसचा मूक शटर येथे खरोखर कामाला येतो.

चौथा प्रकार घरचा : मुलांचे वाढदिवस, सहली, नातेवाइकांची लग्ने. त्यासाठी चांगला मोबाइल पुरतो, हे स्पष्टपणे सांगायला हवे. केवळ एवढ्याकरिता कॅमेरा घेतला, तर सहा महिन्यांत तो कपाटात जातो.

ब्रँड नव्हे, माउंट

आता मूळ प्रश्न कंपनीचा. चर्चा नेहमी ब्रँडभोवती फिरते. खरेदीदार प्रत्यक्षात जे निवडतो ते मात्र ब्रँड नसून ‘माउंट’ असते. माउंट म्हणजे कॅमेऱ्याच्या तोंडाशी असलेली, भिंग बसवण्याची खाच. कॅमेरा चार-पाच वर्षांत बदलतो. भिंगे वीस-वीस वर्षे टिकतात आणि त्या खाचेशी बांधलेली राहतात. खाच कालबाह्य झाली, की नावाजलेल्या कंपनीचे भिंगही अडगळीत जाते.

याची उदाहरणे कमी नाहीत. निकॉनची ‘एफ’ खाच १९५९ पासून चालत आली. त्याच निकॉनने २०११ मध्ये सुरू केलेली ‘निकॉन-१’ ही मालिका २०१८ मध्ये गुंडाळली. कॅननने १९८७ मध्ये ‘ईएफ’ खाच आणली तेव्हा आधीची सारी भिंगे जुनी ठरली. पुढे २०१२ मध्ये सुरू झालेली ‘ईएफ-एम’ ही मिररलेस मालिका २०२३ पर्यंत बंद झाली. तिची भिंगे कॅननच्याच आजच्या ‘आरएफ’ खाचेवर बसत नाहीत. कोनिका मिनोल्टाने २००६ मध्ये कॅमेऱ्यांचा व्यवसाय सोडला. सोनीने तिची ‘ए’ खाच पुढे चालवली खरी, पण २०२१ मध्ये तीही थांबवली. ऑलिम्पसचा कॅमेरा विभाग २०२१ च्या आरंभी नव्या कंपनीच्या हाती गेला. यांतली कोणतीही कंपनी लहान नव्हती.

आज विचार करण्याजोग्या खाची मोजक्या आहेत. कॅननची ‘आरएफ’ आणि निकॉनची ‘झेड’ या २०१८ मधल्या, सोनीची ‘ई’ २०१० मधली आणि फुजीची ‘एक्स’ २०१२ मधली. त्यांत सोनीने आपली खाच इतर उत्पादकांसाठी आरंभीच खुली केली. त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन यांची तुलनेने स्वस्त भिंगे तेथे विपुल आहेत. कॅननने ‘आरएफ’ची दारे दीर्घकाळ बंद ठेवली होती. एपीएस-सी कॅमेऱ्यांपुरती ती २०२४ मध्ये सिग्मा व टॅमरॉनसाठी किलकिली झाली. मात्र कॅननची जुनी ‘ईएफ’ भिंगे अडॅप्टर लावून ‘आरएफ’ कॅमेऱ्यावर फोकससह व्यवस्थित चालतात, ही मोठी सोय आहे. आज जुना कॅनन डीएसएलआर घेणाऱ्याची भिंगे उद्या मिररलेसवर वाया जाणार नाहीत.

निकॉनमध्ये मात्र एक मेख आहे. जुनी ‘डी’ प्रकारची भिंगे स्वस्तात मिळतात, पण त्यांचा फोकस कॅमेऱ्यातील मोटारीवर चालतो. निकॉनच्या डी-३००० आणि डी-५००० मालिकेतील कॅमेऱ्यांत ही मोटार नाही. नव्या मिररलेससाठीच्या ‘एफटीझेड’ अडॅप्टरमध्येही ती नाही. भिंग बसते, चित्रही येते. फोकस मात्र हाताने करावा लागतो. स्वस्तात मिळाले म्हणून असे भिंग घेणाऱ्यांच्या हे घरी गेल्यावर लक्षात येते.

बीडचे ऊन, धूळ आणि वीज

महानगरातील खरेदीदारासाठी लिहिलेला सल्ला बीडला जसाच्या तसा लागू पडत नाही. येथे उन्हाळ्यात माळावर धूळ उडते. मिररलेसमध्ये आरसा नसल्याने भिंग काढले की सेन्सर बहुधा उघडाच असतो. कॅननचे ईओएस-आरसारखे काही कॅमेरे बंद करताच शटर मिटून घेतात, सगळे नाही. म्हणून उघड्यावर भिंगांची अदलाबदल टाळावी किंवा बाहेर पडतानाच एक भिंग ठरवून निघावे.

दुसरी बाब विजेची. डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर आरशावर चालत असल्याने बॅटरी फार कमी खर्ची पडते. निकॉनच्या डी-३५०० ची अधिकृत क्षमता एका चार्जिंगमध्ये १५५० छायाचित्रांची होती. सुरुवातीच्या श्रेणीतले अनेक मिररलेस कॅमेरे तीन-चारशेवरच थांबतात. खेड्यात दिवसभर फिरणाऱ्याने, जेथे वीज कधी जाईल याचा नेम नाही तेथे, जादा बॅटरीचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरायला हवा.

तिसरी बाब दुरुस्तीची. बीडहून छत्रपती संभाजीनगर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे आणि पुणे त्याच्या जवळपास दुप्पट. खरेदीपूर्वी त्या कंपनीचे जवळचे अधिकृत सेवा केंद्र कोठे आहे, तेथे प्रत्यक्ष जावे लागते की कुरियरने चालते, हे विचारून घ्यावे. यासाठीच ‘ग्रे मार्केट’मधून, म्हणजे परदेशातून अनधिकृतपणे आलेल्या आणि भारतीय हमी नसलेल्या कॅमेऱ्यावर वाचलेले काही हजार रुपये पहिल्या बिघाडातच निघून जाऊ शकतात. डिजिटल कॅमेऱ्यांवरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पक्के बिल घेणे पूर्वीइतके जड राहिलेले नाही.

चौथी बाब सोबतीची. गावात चार मित्रांकडे एकाच खाचेचे कॅमेरे असतील, तर चार भिंगे सर्वांची होतात. एकाचे लांब भिंग नायगावला जाताना दुसऱ्याने मागून न्यावे, दुसऱ्याचे प्राइम भिंग पहिल्याने सप्ताहासाठी घ्यावे. लहान शहरात हा विचार कोणत्याही तांत्रिक तुलनेपेक्षा मोलाचा आहे. कंपनी निवडताना ‘जवळच्या माणसांकडे काय आहे?’ हा प्रश्न म्हणूनच प्रथम विचारावा.

वापरलेला कॅमेरा घेताना

वापरलेला कॅमेरा हाच अनेकांसाठी व्यवहार्य मार्ग आहे. साधारण पंचवीस-तीस हजारांत डीएसएलआर, किट लेन्स आणि एक छोटे प्राइम भिंग असा संच जमू शकतो. त्याच दर्जाचा नवा मिररलेस पन्नास हजारांच्या पुढेच सुरू होतो. लांब भिंगाचा विचार केला तर खर्च एक लाखाच्या आसपास पोहोचतो.

घेताना मात्र डोळस राहावे. सुरुवातीच्या श्रेणीतील डीएसएलआरचा शटर साधारण एक लाख छायाचित्रांचे आयुष्य गृहीत धरून बनवलेला असतो. लग्नाच्या दोन-तीन हंगामांत हा आकडा सहज गाठला जातो. निकॉनच्या छायाचित्रासोबत साठवलेल्या माहितीतून शटरचा आकडा कळतो. कॅननमध्ये तो बहुधा तसा मिळत नाही, तेव्हा विक्रेत्याचा वापर कसा होता याची चौकशी करावी. भिंग उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, ते पाहावे. पावसाळ्यात बॅगेत कोंडून ठेवलेल्या भिंगांना ती हमखास लागते. छिद्र बारीक करून पांढऱ्या भिंतीचे किंवा आकाशाचे छायाचित्र काढले, की सेन्सरवरचे डाग दिसतात. मूळ बिल आणि त्यावरील क्रमांक कॅमेऱ्याशी जुळवून घ्यावा. चोरीचा माल गळ्यात पडला, तर कॅमेराही जातो आणि पैसाही. या पाच-दहा मिनिटांच्या तपासणीत संकोच वाटण्याचे कारण नाही.

छंदापलीकडचे

हौसेच्या वस्तूची इतकी चिकित्सा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर या जिल्ह्याच्या चित्रेतिहासात आहे. १९४८ पर्यंत बीड हैदराबाद संस्थानात होते. सहाव्या निजामाच्या दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओने १९ व्या शतकाच्या अखेरीस शेजारच्या औरंगाबाद भागातील दुष्काळी कामे टिपली. तेव्हापासून मराठवाड्याची बाहेर पोहोचणारी प्रतिमा बव्हंशी दुष्काळाची राहिली. २०१३ आणि २०१६ च्या टंचाईत बाहेरून छायाचित्रकार आले. कोरड्या विहिरी, टँकर आणि चारा छावण्या टिपून परत गेले. ते चित्र खोटे नव्हते. परंतु ते संपूर्णही नव्हते.

पाऊस पडल्यानंतरचे बीड, सप्ताहातले बीड, फडावरून परतलेल्या माणसांचे आपल्या घरातले बीड टिपायला येथेच राहणारा माणूस लागतो. भारतात तयार होणाऱ्या आगफा क्लिक-३ मध्ये एका रोलवर बारा छायाचित्रे निघत, तेव्हा अनेक घरांतला पहिला कौटुंबिक ठेवा त्यातूनच निर्माण झाला. १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वे धावू लागली. अनेक दशके वाट पाहायला लावणारा तो क्षण होता. असे क्षण, आणि त्याहून अधिक म्हणजे रोजचे साधे दिवस, नोंदवण्याचे काम हौशी माणूसच करू शकतो. कारण त्याला परत जाण्याची घाई नसते.

म्हणून नव्याने या छंदाकडे वळणाऱ्याने एवढेच करावे. आधी वर्षभर मोबाइलवर काय टिपले ते काढून पाहावे. त्यातून आपला विषय कोणता ते कळेल. मग ओळखीच्यांकडे असलेली चालू खाच निवडावी, शक्यतो वापरलेला कॅमेरा तपासून घ्यावा आणि उरलेल्या पैशांतून एक चांगले भिंग, एक तिपाई व एक जादा बॅटरी घ्यावी. त्यानंतरही काही रक्कम उरलीच, तर ती पाटोद्याच्या बसभाड्यासाठी आणि निवडक छायाचित्रे कागदावर छापून घेण्यासाठी ठेवावी. संगणकातील चित्र हार्ड डिस्कबरोबर जाते. छापलेले चित्र घरात राहते.